गोल्फ: 'बॉलच्या पार मारा' म्हणजे नक्की काय करायचं?

येरवडेकर

गोल्फच्या सरावाच्या रेंजवर तासभर उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "बॉलला मारू नका, बॉलच्या पार मारा." कोच म्हणतात, कॅडी म्हणतात, शेजारच्या मॅटवरचे अनोळखी काकाही न विचारता म्हणतात. सल्ला वाईट नाही. पण तो ऐकून माणूस करतो काय, तर क्लब (गोल्फची काठी) खाली येता येता उजव्या हाताने जीव खाऊन ढकलतो आणि बॉल घरंगळत समोरच्या खड्ड्यात जातो. मग पुढच्या बॉलला आणखी जोर. मग कंबरेला बाम.

हा पार जाणारा जोर तयार कुठे होतो आणि त्याला दिशा कोण देतं, यावर नीट बोलावं म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. बॉलपाशी पोचल्यावर जोर लावता येतच नाही. जे करायचं ते आधी होऊन गेलेलं असतं. बॉलच्या क्षणी फक्त हिशोब होतो: वेग किती, फेस (क्लबचा बॉलला लागणारा चपटा भाग) कुठे बघतोय आणि स्विंगच्या कमानीचा तळ कुठे पडला.

यातल्या तळाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. क्लब गोलात फिरतो, म्हणजे त्याला कुठेतरी सगळ्यात खालचा बिंदू असणारच. आयर्नच्या (धातूच्या पात्याच्या क्लबच्या) शॉटला तो बिंदू बॉलच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला हवा. पुढच्या वेळी एखादा चांगला खेळाडू मारून गेला की त्याचा डिव्हट, म्हणजे क्लबने निघालेला गवत-मातीचा खरवडा, बघा. बॉल होता तिथून माती निघायला सुरुवात होते आणि खरवडा पुढे जातो. आधी बॉल, मग जमीन. प्रो लोक सिक्स आयर्नने साधारण चार अंश खाली उतरता उतरता बॉल घेतात. बॉल हवेत उचलायचं काम फेसच्या उताराचं, ते आपण मनगटाने करायला गेलो की सगळं बिघडतं.

'पार मारा'चा माझ्या लेखी एवढाच अर्थ: तळ पुढे न्या. आता बोला.

आळशी_बोका

पहिला नंबर माझा. चहा घेऊन बसलोय. निमित्तमात्र कुठे आहेत? त्यांच्याशिवाय या धाग्याला मजा नाही.

तिसरा_अंपायर

असहमत. शिवाजी पार्कात लहानपणी सरांनी पहिलं काय शिकवलं, तर बॅट चेंडूतून काढ, अर्ध्यात थांबवू नकोस. थांबलास की ड्राइव्ह मिडऑफच्या हातात. हाताचा जोर बॉलच्या पुढेपर्यंत राहतो म्हणूनच चेंडू जातो. गोल्फला वेगळे नियम लागतात का?

निमित्तमात्र

हजर. नियम तेच आहेत, आकडे बघू.

गोल्फ बॉलचं वजन नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. ड्रायव्हरचं (लांब शॉटच्या क्लबचं) डोकं साधारण २०० ग्रॅम. दोघं एकमेकांना टेकलेले असतात तो वेळ सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. क्लब ताशी १६० किमीने येत असेल, तर तेवढ्या वेळात तो जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. या दोन सेंटिमीटरांत बॉल चपटा होतो, परत फुगतो आणि ताशी २३५ किमीच्या आसपास वेगाने सुटतो. गणित केलं तर त्या वेळात बॉलवर सरासरी सहाशे किलोच्या वजनाएवढं बल लागलेलं असतं.

आता तुमचा उजवा हात. समजा नेमक्या त्याच क्षणी तुम्ही दहा किलोच्या जोराने ढकललंत. अर्ध्या मिलिसेकंदात त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आत. आणि तोही हातापासून क्लबच्या डोक्यापर्यंत न वाकणारी पहार असती तर. शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, लवचिक असतो. हातातला धक्का डोक्यापर्यंत पोचेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. टक्कर होताना क्लबचं डोकं जवळपास सुटं असल्यासारखं वागतं, दांड्याला कोण धरून उभं आहे याची बॉलला खबर नसते.

हाताला 'ठक्' कळतं तोवरही बॉल मीटरभर तरी पुढे गेलेला असतो. आपल्याला जो शॉट 'जाणवतो' ती जुनी बातमी असते.

तिसरा_अंपायर

बरं, गणित मान्य. मग फॉलो-थ्रू फोटोसाठी का?

येरवडेकर

फॉलो-थ्रूने काही होत नाही, पण फॉलो-थ्रू बघून काय झालं ते कळतं. क्लब बॉलच्या आधीच मंदावला असेल तर हात छातीसमोर अडकतात. वेग बॉलपर्यंत वाढत गेला असेल तर हात आपोआप खांद्यावर जाऊन पडतात. सरांचा सल्ला कामी येतो तो असा. 'बॅट पुढेपर्यंत काढ' असं मनात धरलं की माणूस बॉलच्या आधी ब्रेक लावत नाही. सूचना बॉलनंतरची, परिणाम बॉलच्या आधी. खाली येणारा स्विंग पाव सेकंदाच्या आसपास संपतो, त्यात मध्येच विचार करून दुरुस्ती करायला मेंदूला वेळच नाही. जे ठरवायचं ते वर असतानाच ठरवावं लागतं.

चेंबूरची_मावशी

वाचतेय. छान चाललंय. पण तुम्ही सगळे पुरुष जोर, जोर, जोर करताय. आमच्या क्लबात बासष्ट वर्षांच्या बाई रोज सकाळी फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध बॉल ठेवतात आणि त्यांच्यापुढे जिमवाली पोरं झाडांत बॉल शोधत फिरतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक आठवते ना? ड्राइव्हच्या अंतरात मैदानातल्या सगळ्यात मागच्या खेळाडूंपैकी, आणि शेवटी चौथी. पंधरा अंडर, म्हणजे ठरलेल्या शॉट्सपेक्षा पंधरा कमी. रौप्य आणि ब्राँझचा प्ले-ऑफ सोळा अंडरवर झाला, म्हणजे एका शॉटने पदक हुकलं. मी तो दिवस टीव्हीसमोरून उठले नाही, घरी पोळ्या थंड झाल्या.

आळशी_बोका

मावशी, तो शनिवार होता, मीही बघत होतो. गोल्फ काय असतं हे न कळताही अख्खा देश पटर हातात घेऊन बसला होता त्या दिवशी.

जर्सीकर

मावशींशी सहमत, पण एक भर घालतो. अदितीचं पटिंग (बॉल होलात ढकलणं) आणि शॉर्ट गेम (जवळचे शॉट) अफाट होता, ते बाजूला ठेवलं तरी लांबच्या शॉटला तिचा फेस सरळ असतो. दिशा हा वेगळा विषय आहे आणि येरवडेकरांनी तो एका शब्दात उडवलाय.

इथे माझ्या रेंजवर रडारवाली मशीन आहेत, बॉल कुठून निघाला, किती वळला सगळं दाखवतात. पूर्वी शिकवायचे की बॉल स्विंगच्या रेषेत निघतो आणि मग फेसच्या दिशेला वळतो. ते उलटं निघालं. बॉल निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतोय तिकडे. ड्रायव्हरला निघण्याच्या दिशेत फेसचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या पुढे, आयर्नला थोडा कमी. त्यानंतर वळण किती, ते फेस आणि स्विंगची वाट यांच्यात किती फरक आहे त्यावर.

म्हणजे स्लाइसवाला माणूस (आपल्यातले बहुतेक) काय करतो बघा. बॉल उजवीकडे वळतो म्हणून तो डावीकडे उभा राहतो आणि डावीकडे ओढून मारतो. वाट आणखी डावीकडे, फेस तसाच उघडा, दोघांतला फरक वाढला, बॉल आणखी वळला. जोर वाढवला की फिरकीही वाढते. अशा माणसाला 'पार मारा' सांगणं म्हणजे त्याला आणखी लांब जंगलात पाठवणं. आधी ग्रिप बघा, फेस बघा. दोनशे यार्डांवर फेसची एक अंशाची चूक म्हणजे नुसत्या निघण्याच्या दिशेतच तीन यार्डांचा फरक, वळण वेगळंच.

नवशिक्या_नागपूर

सर्वांना नमस्कार. मी नवीन आहे, सेव्हन आयर्न आणि ड्रायव्हर एवढेच क्लब वापरतो. तीन शंका आहेत. ड्रायव्हरलाही खाली उतरता मारायचं का? दुसरं, माझा बॉल टॉप झाला (क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागला) की सगळे म्हणतात "डोकं वर केलंस". मी डोकं दगडासारखं ठेवतो तरी टॉप होतो. तिसरं, जोर लावला की बॉल जवळ पडतो आणि सहज मारला की लांब जातो, हे कसं?

येरवडेकर

आधी तिसरी शंका, कारण धाग्याचा जीव तिच्यात आहे.

खाली येताना हात आणि क्लब यांच्यात मनगटापाशी कोन असतो. खांदे आणि हात वेगाने येतात, मग हात किंचित मंदावतात आणि तो कोन उघडतो. हाताने कमावलेला वेग क्लबच्या डोक्याकडे जातो. आधी कंबर, मग धड, मग हात, मग क्लब. प्रत्येकजण आपला वेग पुढच्याला देऊन मागे पडतो. हा क्रम हाय स्पीड कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो. आता घाई करून उजव्या हाताने वरूनच ढकललं, तर कोन फार लवकर उघडतो. क्लबचं डोकं बॉलच्या आधीच सर्वांत जास्त वेग गाठून बसतं, मग हातांना मागे टाकून पुढे वळायला लागतं. तळ बॉलच्या मागे पडतो. नशीब असेल तर क्लब आधी मातीत घुसतो आणि फॅट. नसेल तर क्लब तळ सोडून वर चढताना बॉलच्या कमरेत बसतो आणि टॉप. म्हणजे तुझा टॉप आणि तुझा फॅट एकाच आजाराची दोन लक्षणं आहेत.

आणि डोक्याबद्दल: अ‍ॅनिका सोरेनस्टॅमचा स्विंग शोधून बघ. बॉल लागायच्या आधीच तिचं डोकं टार्गेटकडे वळायला लागलेलं असतं. डेव्हिड डुव्हालचंही तसंच. अ‍ॅनिकाने दहा मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या आणि २००१ मध्ये एका फेरीत फक्त ५९ शॉट मारले. "डोकं वर केलंस" हे रेंजवरचं सगळ्यात स्वस्त निदान आहे. बॉलवर डोळे नकोत असं म्हणत नाही, पण डोकं दगडासारखं ठेवलं की मान धरते, छाती वळत नाही, आणि मग हातांना ढकलण्यावाचून पर्याय उरत नाही.

ड्रायव्हरचं उत्तर जर्सीकर देतील, त्यांच्याकडे मशीन आहे.

जर्सीकर

ड्रायव्हरला बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) उंच आणि पुढच्या टाचेसमोर असतो, तो यासाठीच की तळ बॉलच्या मागे पडावा आणि क्लब सपाट किंवा किंचित वर जाताना बॉल घ्यावा. गंमत म्हणजे पुरुष प्रो सरासरीने इथेही थोडं खालीच येतात. महिला प्रो मात्र दोन-तीन अंश वर जाताना मारतात, कारण वेग कमी असला की उंच निघणं आणि फिरकी कमी ठेवणं फायद्याचं. आपला वेग कुठल्या गटात बसतो ते आपणच समजून घ्यावं. नवशिक्या, तुझा स्विंग बदलायची गरज नाही, बॉलची जागा बदल. एकच कमान, बॉल तिच्यावर कुठे ठेवलाय एवढाच फरक.

निमित्तमात्र

येरवडेकरांचं वर्णन बरोबर, पण एक गोष्ट राहिली आणि ती मला सगळ्यात भारी वाटते. शेवटच्या टप्प्यात हात क्लबला पुढे ढकलत नसतात. आत ओढत असतात.

२०० ग्रॅमचं डोकं सेकंदाला ४४ मीटरने गोल फिरतंय, त्रिज्या दीड मीटर धरू. त्याला त्या गोलात धरून ठेवायला पंचवीस किलोहून जास्त ओढ लागते, शाफ्टचं वजन वेगळं. ही ओढ शाफ्टच्या रेषेत, डोक्याकडून तुमच्या डाव्या खांद्याकडे. म्हणजे बॉलपाशी शरीर सगळ्यात जास्त जोर लावत असतं तो बॉलच्या दिशेला नाही, स्वतःकडे. चांगल्या खेळाडूचा डावा पाय बॉलच्या आसपास सरळ होताना, जमीन ढकलून अंग वर जाताना दिसतो ना, ते यासाठी. काही जणांची टाच उचलली जाते, काहींचे दोन्ही पाय जमीन सोडायला येतात. ढकलण्याच्या नादात माणूस बॉलकडे वाकत गेला तर ही ओढ देणार कोण? मग कोपर वाकतं, कमान आखूड होते आणि थिन शॉट, म्हणजे पात्याची खालची कड बॉलच्या मध्यावर.

तिसरा_अंपायर

हे मात्र नवीन आहे. म्हणजे क्रिकेटची सवय मला दोन्हीकडून नडतेय. बॉटम हँडने फटका, आणि बॉलवर वाकणं. पण बॉटम हँड पूर्ण बंद करायचा का? मग उजवा हात ठेवायचा कशाला?

येरवडेकर

बंद नाही. उशिरा. उजव्या मनगटाचा मागे वाकलेला कोन बॉलपर्यंत टिकला तर शाफ्ट टार्गेटकडे झुकलेला राहतो, हात बॉलच्या पुढे असतात. तोच कोन आधी सरळ केला की चमचा होतो, म्हणजे क्लब बॉलला खालून उचलायला जातो. क्रिकेटमध्ये चेंडू स्वतःचा वेग घेऊन येतो, कधीकधी नुसती बॅट दाखवली तरी चार जातात. इथे बॉल बसून आहे, सगळा वेग आपण आणायचा आणि घाई करायला कोणी बोलर नाही. तरी आपण वरून घाई करतो, यॉर्कर आल्यासारखी.

हरळी

मी खेळत नाही फारसा, कोर्सच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं, तेव्हा जमिनीच्या बाजूने बोलतो.

तुमचा तळ कुठे पडतो हे तुम्हाला रेंजवर कधीच कळणार नाही, कारण तुम्ही मॅटवर मारता. क्लब बॉलच्या चार बोटं मागे पडला तरी मॅटवरून सरकत जाऊन बॉलला लागतो. आवाज छान येतो, बॉल बऱ्यापैकी जातो, माणूस खूष. तोच शॉट फेअरवेवर मारला की क्लब जमिनीत रुततो. आपल्याकडे बहुतेक फेअरवेंवर हरळीचीच जात असते, शेतकरी बांधावरून खुरपून काढतो तीच, फक्त सुधारित आणि रोज कापलेली. तिच्या मुळ्या-धावत्या काड्या घट्ट जाळं करतात. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर क्लब उसळतो आणि थिन लागतो, पावसाळ्यात ओल्या जमिनीत फॅट बसतो. लोक म्हणतात कोर्स खराब आहे. मी डिव्हट भरायला जायचो तेव्हा खड्डे बघूनच कोण कसं खेळतो ते कळायचं. सिंगल हँडिकॅपवाल्यांचे, म्हणजे चांगल्या खेळाडूंचे, खड्डे लांबट, पातळ, पुढे गेलेले. बाकीच्यांचे खोल, आखूड, आणि बॉलच्या मागे.

गवतावर चुन्याची एक आडवी रेघ मारा. बॉल ठेवू नका. रेघेवर पाय दोन्ही बाजूला घेऊन उभे राहा आणि स्विंग करा. खरवडा रेघेवर किंवा पुढे सुरू झाला पाहिजे. मग रेघेवर बॉल ठेवा. बहुतेकांचा खरवडा बॉल ठेवल्याबरोबर मागे सरकतो, हे बघण्यासारखं असतं.

चेंबूरची_मावशी

हरळीभाऊ, हे सोन्यासारखं लिहिलंत! रेघेचा प्रयोग उद्याच. मॅटबद्दल मात्र रेंजवाल्यांचे काही दोष नाहीत, गवतावर रोज शंभर जण मारायला लागले तर आठवड्यात माळरान होईल.

हरळी

ताई, आठवडा कशाला, तीन दिवस पुरतात.

आळशी_बोका

एक शंका, मग बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, काय? तिथे तर बॉलला क्लब लागतच नाही म्हणतात. तिथे पार मारायचं की नाही?

निमित्तमात्र

उत्तम प्रश्न, आणि इथे माझाच मुद्दा थोडा मोडतो. ग्रीनजवळच्या (होलाभोवतीच्या बारीक गवताजवळच्या) बंकरमध्ये क्लब बॉलच्या दोन-तीन इंच मागे वाळूत शिरतो, बॉलखालून जातो, आणि बॉल वाळूच्या थराबरोबर बाहेर येतो. क्लब वाळूत असतो तो वेळ टकरीच्या अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा कितीतरी जास्त. वाळू त्याला ब्रेक लावत असते. इथे हात, छाती, पाय सगळ्यांनी क्लबला चालू ठेवायचं असतं, नाहीतर बॉल तिथेच. दाट रफमध्येही थोडं तसंच, गवत क्लबच्या मानेला गुंडाळतं आणि फेस बंद करतं, म्हणून ग्रिप जरा घट्ट लागते. तेव्हा 'पार मारा' शब्दशः खरं आहे ते बंकरमध्ये.

तिसरा_अंपायर

म्हणजे जिथे बॉल लागतच नाही तिथे पार मारायचं आणि जिथे लागतो तिथे मारायचं नाही. वा! हा खेळ पुणेकरांनीच शोधला असणार.

येरवडेकर

स्कॉटिश लोकांनी. पण पाटी आपल्याकडचीच शोभली असती.

नवशिक्या_नागपूर

खूप मदत झाली सगळ्यांची. आज रेघ मारून बघितली. बॉल नसताना खरवडा पुढे, बॉल ठेवला की मागे, अगदी हरळीकाका म्हणाले तसं. मग तोच स्विंग निम्म्या वेगाने, छाती टार्गेटकडे वळेपर्यंत केला तर बॉल ठेवूनही रेघेच्या पुढे गेला. फुल स्विंगला अजून नाही. अजून एक विचारायचं होतं: बॉल फेसवर मधोमध लागतोय की नाही ते कसं बघायचं? आवाजावरून मला कळत नाही.

जर्सीकर

निम्म्या वेगावरच राहा काही दिवस, तो वेग आपोआप वाढेल. फेससाठी पायाला मारायचा पावडर स्प्रे मिळतो, मेडिकलमध्ये विचार. फेसवर हलका फवारा मार, बॉल जिथे लागेल तिथे गोल ठसा उमटतो. ड्रायव्हरला ठसा टोकाकडे आला तर बॉल डावीकडे वळायला बघतो, टाचेकडे आला तर उजवीकडे. त्यामुळे स्लाइस आहे म्हणून ग्रिप बदलण्याआधी ठसा बघ, कदाचित फेस ठीकच असेल आणि बॉल फक्त टाचेकडे लागत असेल. ठसा सारखा एकाच जागी येत असेल तर उभं राहायचं अंतर बदल, विखुरलेला असेल तर तोल बघ.

येरवडेकर

आणि राउंडला जाण्याआधी फेस स्वच्छ पुसून घे. खेळताना फेसवर काही लावलेलं नियमात चालत नाही.